टिश्यू कल्चरचं कोकम का मिळत नाही?

मंडळी, सोलकढी आपण इथेही करतो. इंडियन ग्रोसरीतलं आमसुलांचं पाकीट किंवा गावाहून येणाऱ्याच्या बॅगेतली आगळाची बाटली, एवढ्यावर भागतं. पण ज्यांची कोकणात थोडीफार जमीन आहे त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. तिथे कोकम लावायचं तर रोप कुठलं आणावं? जळगावची केळी टिश्यू कल्चरची असतात, मग कोकमाचं का नाही?

कोकम, म्हणजे मालवणी माणसाचा रातांबा आणि गोवेकरांचं भिरंड, हे अस्सल सह्याद्रीचं झाड. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. त्याची मुख्य अडचण अशी की पपईसारखी यातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराला फुलं येतात, फळ नाही. बी पेरून केलेल्या रोपांत ढोबळमानाने निम्मी नर निघतात, आणि कुठलं काय हे कळतं पहिली फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. पपईत हा निकाल काही महिन्यांत लागतो. इथे तोवर घरातलं तान्हं पोर शाळेत जायला लागतं! पाणी, कुंपण, गुरांपासून राखण, सगळं करून झालेलं असतं आणि मग समजतं की अर्धी बाग वांझ.

दुसरी गोष्ट, प्रत्येक बी म्हणजे आईबापांचे पत्ते नव्याने पिसून वाटलेला डाव. म्हणून एकाच वाडीतल्या दोन झाडांची फळं सारखी नसतात. कुठे फळ लिंबाएवढं, कुठे चांगलं मोठं. कुठे साल जाड, कुठे पातळ. कुठे रंग गडद लाल, तर क्वचित पिवळट. आमसूल सालीचं होतं, त्यामुळे जाड साल महत्त्वाची. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे पिकण्याची वेळ. एप्रिल-मेमध्ये पिकणाऱ्या झाडाची सोलं उन्हात वाळतात. जूनमध्ये पिकणाऱ्या झाडाची फळं पावसात सापडून सडतात. झाड तेवढंच मोठं, फळंही तेवढीच, पण हातात काही नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशा हजार तऱ्हांतून चांगली झाडं निवडून 'कोकण अमृता' (1997) आणि मोठ्या, जाड सालीच्या फळाची 'कोकण हातीस' (2006) या जाती दिल्या. निवडलेल्या झाडाची हुबेहूब नक्कल करायची तर आज कलम हाच रस्ता. बियांच्या रोपावर मादी झाडाची कोवळी काडी बांधायची, म्हणजे नर-मादीचा घोळ संपतो. मात्र काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. बाजूच्या आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम झाडासारखं न वाढता झुडपासारखं पसरतं. सरळ शेंडे झाडावर थोडेच असतात, त्यामुळे एका चांगल्या झाडापासून होणारी कलमंही थोडीच.

इथे टिश्यू कल्चरची आठवण येते. झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि अगार घातलेल्या बाटलीत ठेवतात. सायटोकायनिन गटातल्या संप्रेरकाने त्याला खूप कोंब फुटतात, ऑक्झिनने मुळं येतात, आणि मग रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात. केळीत हे सहज जमतं. कोकमाच्या मोठ्या झाडाचा तुकडा मात्र हट्टी. कापल्यावर त्यातली द्रव्यं हवेने काळी पडतात (सफरचंदाची फोड आठवा), झाडावरचे जंतू बाटलीतही येतात, आणि वय झालेल्या फांदीत पुन्हा फुटण्याची उमेद कमी असते.

कोवळी बी मात्र बाटलीत छान प्रतिसाद देते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये कोकमाच्या कोवळ्या बियांपासून रोपं तयार करून दाखवली. काम उत्तम, पण शेतकऱ्याचा पेच तिथेच राहतो. बी म्हणजे नवा डाव. एका बीपासून हजार रोपं केली आणि ती बी नराची निघाली, तर हजारही नरच! म्हणजे जे सहज जमतं त्याचा बागेला उपयोग नाही, आणि ज्याचा उपयोग आहे ते सहज जमत नाही. अशक्य मात्र म्हणवत नाही. याच प्रयोगशाळेने 1980 मध्ये शंभर वर्षांच्या सागापासून टिश्यू कल्चरची रोपं केली होती.

आणि उद्या जमलंच, तरी सगळ्या कोकणात एकाच झाडाच्या नकला लावणं मला धोक्याचं वाटतं. ग्रो मिशेल नावाची केळी एकेकाळी जगभर निर्यात होत असे. सगळी एकमेकांची नक्कल, त्यामुळे पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या बागाच्या बागा बसवल्या. कोकमात आणखी एक पंचाईत. त्याची बी वाळवली की मरते, त्यामुळे भातासारखी शीतपेटीत साठवून ठेवता येत नाही. रानातली, परसातली विविधता उभ्या झाडांतच टिकते. झाड तोडलं की ती तऱ्हा गेली.

तेव्हा सुट्टीत गावी जाऊन कोकम लावणार असाल, तर विद्यापीठाच्या किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतली मादी कलमं घ्या, काडी सरळ शेंड्याची आहे का ते विचारा आणि दहा झाडांमागे एक नर जरूर लावा, नाहीतर परागकण येणार कुठून? आणि परसात आजोबांच्या वेळचा एखादा रातांबा असेल, मे महिन्यात भरपूर लवकर पिकणारा, तर तो तोडण्याआधी त्याच्या काड्या दापोलीला दाखवून घ्या.