तब्येत काय म्हणते?

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी दोन म्हातारी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: तब्येत काय म्हणते? ‘तब्येत’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. युनानी वैद्यकात ‘तबीयत’ म्हणजे शरीराचा आतला कारभारी. आजार बरा करतो तो हा कारभारी, हकिमाने फक्त त्याला हात द्यायचा. म्हणजे तलावपाळीवरचा तो प्रश्न या शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमका आहे.

युनानी हे नाव ग्रीकांचं असलं तरी ही विद्या वाढली इराण आणि मध्य आशियात. बुखाऱ्याजवळ जन्मलेला हकीम इब्न सीना १०३७ मध्ये इराणातल्या हमदानला वारला. त्याच्या ‘कानून’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात वृद्धांच्या दिनचर्येची वेगळी प्रकरणं आहेत. साठीच्या आसपास म्हातारपण सुरू होतं असं तो धरतो. त्याच्या मते माणूस म्हणजे तेवता दिवा: अंगातला ओलावा हे तेल, ऊब ही ज्योत. उतारवयात दोन्ही ओसरतात आणि शरीर थंड, कोरडं होतं. देवघरातली समई ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको. आयुर्वेदही म्हातारपणी वाताचा जोर सांगतो, आणि वातही थंड नि रूक्षच.

म्हणून वृद्धाचं पथ्य ऊब आणि ओलाव्याचं. अंगाला हलक्या हाताने तेल, कोमट पाण्याने अंघोळ, पुरेशी झोप. जेवण थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा विभागून. पचत असेल तर दूध. पोट साफ राहण्यावर इब्न सीनाचा फार भर आहे, पण त्यासाठी तीव्र जुलाब त्याला नको. जेवणाआधी अंजीर पुरे. हिवाळ्यात सुकं अंजीर मधाच्या पाण्यात शिजवून घ्यावं, असं तो सांगतो. आपल्याकडे पुरंदरचं अंजीर प्रसिद्ध आहेच. आल्याचा मुरांबाही तो सुचवतो. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मध, मुरांबा, गुलकंद, माजून (युनानी औषधी चाटण) यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. धातूंची भस्मं किंवा कुश्ते परस्पर घेणं तर धोक्याचंच. रक्तदाबाच्या गोळीची जागा यातलं काहीही घेत नाही.

व्यायामाबद्दलचा त्याचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. दुखऱ्या अवयवावर भार टाकू नका, बाकीचं शरीर हलवा. चक्कर येत असेल तर डोकं खाली जाईल अशी हालचाल नको. पाय अधू असतील तर हात-खांदे चालवा. गुडघे धरलेल्या माणसाने डोंबिवली स्टेशनचा जिना म्हणजे व्यायाम समजू नये, खुर्चीत बसून हात फिरवावेत.

निरोगी राहण्याच्या सहा अटी या विद्येत मोजल्या आहेत: हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल नि विश्रांती, मनाची हालचाल नि विश्रांती, झोप नि जाग, आणि शरीरातून काय बाहेर जावं, काय राहावं. पहिला मान हवेला आहे. धूर आणि वाफा मिसळलेली, भिंतींमध्ये कोंडलेली हवा वाईट, हे इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी लिहिलं. डोंबिवलीत एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी तेल लावलं, अंजीर खाल्लं, तरी खिडकीतून रसायनांचा वास येत असेल तर पहिलीच अट मोडलेली आहे, आणि ती त्यांच्या एकट्याच्या हाती नाही. मे २०२४ मधला तिथल्या रसायन कारखान्यातला स्फोट कोणी विसरलेलं नाही. कारखान्यांच्या धुराची तक्रार ही वृद्धांच्या आरोग्याची तक्रार आहे, असं महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानेही मानायला हवं.

तोवर एवढं करता येईल. थंडीत पहाटे धुरकं जमिनीलगत साचतं. तेव्हा पाचला फिरायला न जाता ऊन चढल्यावर निघावं. ठाण्याच्या उपवन तलावाला जा, कल्याणच्या काळा तलावाला जा, पण कोणाच्या तरी सोबतीने. सहा अटींमध्ये मनाची हालचालही आहे, आणि तब्येत काय म्हणते ते विचारायला समोर कोणीतरी लागतं.