पोरगी कॉलेजात धाडावी का?

वसमतकडे हळद शिजवायचे दिवस होते. कुकरपाशी बसलेल्या एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले आणि विचारले, "साहेब, पोरीला पुण्याला शिकायला धाडायचं म्हणतो. पण तिथं पोरं वर्गात कमी अन् मोर्च्यात जास्ती, असं ऐकतो. खरं हाय का?"

हळदीचा पैसा फीमध्ये घालायचा तर बापाला ही धास्ती वाटणारच. मी त्यांना आपल्याच एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली.

भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. हे विद्यापीठ १७५४ सालचे, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तो आता लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागला. ही मैत्री जन्मभर टिकली. मला विचाराल तर त्या वसतिगृहाने त्यांना पदवीइतकेच मोठे काही दिले.

पैसा बेताचाच. त्यातून घरी पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची. दोनएक हजार पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात. अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जॉन ड्यूई, सेलिग्मन असे नामांकित प्राध्यापक शिकवायला होते. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

त्या काळी लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्येच होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला चळवळीत ओढायचा प्रयत्न केला. पण महाराजांना शब्द दिला आहे, आधी शिक्षण, असे म्हणून आंबेडकर बाजूला राहिले. येथवर ऐकून आमचे शेतकरीदादा खूश झाले. "बघा! मोर्च्यात गेले न्हाईत."

थांबा म्हटले, पुढचे ऐका. मे १९१६ मध्ये याच विद्यार्थ्याने प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या वर्गात जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. जातीतल्या जातीतच लग्ने लावण्याच्या बंधनावर जात उभी आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्यासाठीच बायकांच्या गळ्यात घातलेली बेडी आहे, असे त्यात मांडले होते. मोर्चा नाही, घोषणा नाही. पण पंचवीस वर्षांच्या पोराने परक्या देशात इतके रोखठोक बोलावे, आणि प्राध्यापकांनी ते ऐकून घ्यावे! पुढे १९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या तुकड्यांवरही लिहिले. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर माणसांचा भार फार आणि अवजारे-भांडवल कमी, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. वाटण्या होऊन दीड-दोन एकरांवर आलेल्या आपल्या घरांनी ते एकदा वाचावे.

मोर्चे त्या विद्यापीठानेही पाहिले आहेत. शेजारच्या हार्लेम वस्तीतल्या सार्वजनिक बागेत विद्यापीठ व्यायामशाळा बांधणार होते. त्याविरुद्ध आणि विद्यापीठाच्या युद्धविषयक संशोधनाविरुद्ध एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी इमारतीच ताब्यात घेतल्या. पोलिसांनी सुमारे सातशे जणांना पकडले, पण ती व्यायामशाळा काही झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये गाझातील युद्धावरून हिरवळीवर तंबू पडले, पुन्हा पोलीस आले. पोरे उगाच रस्त्यावर येतात असे मी म्हणणार नाही. मात्र परीक्षेच्या तोंडावर पुस्तक मिटून कोणाच्याही झेंड्यामागे धावणे मलाही पटत नाही.

आंबेडकरांना कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये मिळाली आणि १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने एलएल. डी. दिली.

शेतकरीदादा बराच वेळ गप्प होते. मग लेकीला हाक मारून म्हणाले, "बाई, तुझ्या त्या वसतिगृहात वाचायची खोली किती वाजेस्तोवर उघडी असती, ते साहेबांना विचारून घे."