ताणाशी ओळख (लेखांक ६) : पेपरच्या आधीचा श्वास

मागच्या आठवड्यात झोपेविषयी बोललो. आज श्वासाविषयी.

वणीच्या कॉलेजांत शिकणारी कितीतरी मुलं मारेगाव, मुकुटबनकडून एसटीनं येतात. सेमिस्टरच्या पेपरच्या दिवशी गाडीतच डोक्यात चक्र सुरू होतं : विषय बॅक राहिला तर? बाबांना काय सांगू? कापसाचे आलेले पैसे तर फीमध्येच गेले. पेपरला अजून अवकाश असतो, पण शरीर तेवढं थांबत नाही. धोका अंगावर आलाय असं समजून ते अ‍ॅड्रेनलिन सोडतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, श्वास वरच्यावर चालतो. पाठ असलेलंही अशा वेळी आठवत नाही.

इथे माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचा सराव, उपयोगी पडतो. ताठ बसा. नाकपुडीशी आत येणारी गार हवा आणि बाहेर जाणारी कोमट हवा जाणवते का, ते बघा. श्वास लांबवायचा नाही की रोखायचा नाही. प्राणायामाहून हे वेगळं आहे. थोड्याच वेळात मन पेपरकडे पळेल. पळू द्या. 'विचार आला' एवढं ओळखा आणि पुन्हा नाकपुडीशी या. मन पळालं म्हणजे आपल्याला जमत नाही, असं समजून बरेच जण इथेच सोडून देतात. पण पळालेलं मन ओळखून परत आणणं, सराव म्हणतात तो हाच.

आपल्याला यात परकं काही नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळानं विदर्भातल्या गावागावांत सकाळचं सामुदायिक ध्यान रुजवलं. इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकवतात ती आनापान साधनाही श्वासावरच उभी आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये ताणाच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. पुढे केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. नेहमीच्या मदतीसोबत ज्यांना आठ आठवड्यांचं असं प्रशिक्षण मिळालं, त्यांना परीक्षेच्या काळात मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झाला. म्हणून पेपरच्या सकाळी सुरुवात करून फारसं हाती लागणार नाही. सेमिस्टर सुरू होतानाच रोज दहा मिनिटं धरा.

मात्र घरावरचं कर्ज, लांबलेला निकाल, खोलीचं भाडं यांवर श्वास हा इलाज नव्हे. ध्यानाचा वर्ग भरवला की समुपदेशक नेमायची गरज नाही, असं कॉलेजनं मानलं तर मला ते साफ अमान्य आहे. डोळे मिटल्यावर काहींची भीती उलट वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तरीही त्रास होत असेल तर सराव थांबवावा. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर एकट्यानं सोसू नका. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत असून दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

(पुढच्या आठवड्यात : निकालाविषयी घरी कसं बोलावं)