पाण्यात रुजलेल्या छाट कलमांचे मातीत स्थलांतर : मुळांच्या रचनेच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना :

वनस्पतींच्या शाकीय प्रजननाचा अभ्यास करताना कोलियस, पुदिना, तुळस किंवा मनीप्लँट यांची छाट कलमे पाण्याच्या बाटलीत ठेवून त्यांना मुळे फोडण्याचे प्रात्यक्षिक बहुतेक महाविद्यालयांत केले जाते. आठ-पंधरा दिवसांत पेरापासून पांढरीशुभ्र मुळे फुटतात, विद्यार्थी त्यांची आकृती काढतात आणि प्रयोग संपतो. पुढे हीच कलमे कुंडीत लावली की त्यांपैकी बरीचशी आठवड्याभरात माना टाकतात. त्याचे खापर सामान्यतः माळ्यावर किंवा विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणावर फोडले जाते, अथवा ‘रोपाला धक्का बसला’ असे म्हणून विषय मिटवला जातो. ‘धक्का’ हा शब्द घटनेला नाव देतो, तिचे कारण सांगत नाही. ते कारण मुळाच्या रचनेत आहे, आणि ते समजल्यास कलमे वाचवता येतात. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

पाण्यातील संवर्धनाची परंपरा जुनी आहे. जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याच्या जातीतील रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून केलेले प्रयोग १६९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बागेतील माती मिसळलेल्या पाण्यात रोपांची वाढ अधिक होते, असे त्यांना आढळले होते. १८६० च्या दशकात युलियस फोन झाक्स व विल्हेल्म क्नोप यांनी क्षारद्रावणात वनस्पती वाढवून दाखवल्या आणि १९३७ मध्ये गेरिक यांनी ‘हायड्रोपोनिक्स’ ही संज्ञा रूढ केली. या परंपरेत रोप सहसा शेवटपर्यंत पाण्यातच राहते. मधेच माध्यम बदलणे हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि क्रमिक पुस्तके त्याविषयी फारसे बोलत नाहीत.

पाण्यातील मूळ व मातीतील मूळ :

एकाच वनस्पतीची मुळे दोन माध्यमांत दोन प्रकारे घडतात. मातीतील मुळाला कणांच्या फटींतून वाट काढावी लागते, पाण्याची पातळ आवरणे शोधावी लागतात आणि त्यासाठी ते असंख्य मूलरोम बाहेर टाकते. हे मूलरोम मातीच्या कणांना चिकटून मूळ व माती यांच्यात अखंड जलसंपर्क निर्माण करतात. पाण्यात वाढणाऱ्या मुळाला यांपैकी कशाचीच गरज नसते. अनेक जातींत पाण्यातील मुळांवर मूलरोम विरळ असतात किंवा जवळजवळ नसतातच. मूळ लांब, मऊ व ठिसूळ राहते. काही जातींत त्याच्या कॉर्टेक्समध्ये हवेच्या पोकळ्यांची ऊती, म्हणजेच एरेंकायमा, तयार होते.

या पोकळ्यांचे प्रयोजन सहज लक्षात येण्याजोगे आहे. पाण्यात ऑक्सिजनचे विसरण हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट संथ असते. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे ३० पट अधिक असतो. म्हणून खोडाकडून मुळाच्या टोकापर्यंत हवा पोहोचवणारा अंतर्गत मार्ग उपयोगी पडतो.

असे मूळ कुंडीत लावल्यावर त्याच्याभोवती माती असते, मातीत पाणीही असते. परंतु मूलरोमांअभावी त्या पाण्याशी मुळाचा संपर्क तुटक राहतो. मूळ आणि कण यांच्यात हवेची फट पडली की पाण्याचा मार्ग तेथेच खंडित होतो. इकडे पानांतून बाष्पोत्सर्जन पूर्वीच्याच वेगाने चालू असते. रोप ओल्या मातीत उभे असूनही तहानलेले राहते, ते असे.

येथे ऊतीसंवर्धित रोपांशी तुलना उद्बोधक ठरेल. जळगाव परिसरातील केळी उत्पादकांना ‘हार्डनिंग’ हा शब्द परिचित आहे. तेथे अडचण मुख्यतः पानांची असते. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. आपल्या छाट कलमाची पाने मात्र मोकळ्या हवेतच असतात. त्यांची क्षमता शाबूत आहे, उणीव मुळांत आहे. उपाय वरकरणी सारखे दिसले तरी कारणे वेगळी आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

अतिपाण्याचा विरोधाभास :

‘जे मूळ तीन आठवडे पाण्यात जगले ते चिखलात का कुजते?’ हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो, आणि तो उत्तम प्रश्न आहे. बाटलीतील पाण्याला वरून हवा लागते, त्यात सेंद्रिय द्रव्य नगण्य असते. कुंडीतील संपृक्त मातीत मात्र शेणखतावर जगणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव उपलब्ध ऑक्सिजन संपवतात आणि कणांमधून नवा ऑक्सिजन येण्याचा वेग अत्यल्प असतो. त्यातच लावताना मोडलेल्या ठिसूळ मुळांच्या जखमांतून पिथियमसारखे रोगकारक शिरतात. तेव्हा ‘पाण्याची सवय आहे म्हणून भरपूर पाणी घालावे’ हा तर्क घातक आहे.

कुंडीच्या तळाशी खडे वा विटांचे तुकडे घालून निचरा सुधारतो, ही समजूतही तपासून पाहावी. बारीक मातीतील पाणी केशाकर्षणामुळे खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. मातीच्या तळाशी संपृक्त पट्टा राहतोच, उलट खड्यांमुळे तो मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर एक खापरी पुरे.

स्थलांतराची वेळ व पद्धत :

मुळे २ ते ५ सेंटिमीटर झाली की कलम हलवावे. मुळांचा झुपका जितका लांब तितके रोप सशक्त, असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात लांब मुळे गुंततात, मोडतात आणि साध्या पाण्यात पोषण नसल्याने कलमाचा अन्नसाठाही घटत जातो. शिवाय यांतील बरीचशी मुळे मातीत टिकणार नसतात. रोपाला जगवतात ती मातीतच फुटणारी नवी मुळे, आणि ती फुटेपर्यंतचा काळ निभावणे एवढेच जुन्या मुळांचे काम.

लहान कुंडीत पोयटा माती, जाड वाळू किंवा कोकोपीट आणि थोडे जुने कुजलेले खत यांचे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. निव्वळ काळी माती टाळावी. खड्ड्यात मुळे पसरून मिश्रण सैल सोडावे आणि अंगठ्याने दाबण्याऐवजी पाणी घालून बसू द्यावे. मोठी पाने निम्मी छाटावीत, कुंडी सावलीत ठेवून वर छिद्रे पाडलेली पॉलिथिनची पिशवी घालावी आणि ती पाच-सात दिवसांनी हळूहळू काढावी. पहिले दोन आठवडे रासायनिक खत देऊ नये. क्षारांमुळे पाणी शोषणे आणखी अवघड होते. नवे पान दिसले की कलम लागले असे समजावे.

पाण्यात रोज चिमूटभर माती टाकून मुळांना ‘सवय लावण्याची’ युक्ती काहीजण सांगतात. तिने बाटलीत हवा नसलेला गाळ तेवढा साचतो. रोप मातीतच वाढवायचे असेल तर कलम सुरुवातीपासून ओल्या वाळूत लावणे श्रेयस्कर. पाण्याचा लाभ एवढाच की मुळे डोळ्यांना दिसतात. अध्यापनात तो लाभ लहान नाही, हेही खरे.

ऋतूचाही विचार हवा. दुसऱ्या सत्रातील प्रात्यक्षिकांची कलमे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे मराठवाडा-विदर्भात हवा कोरडी होत असतानाच कुंडीत जातात. हेच प्रात्यक्षिक जुलै-ऑगस्टमध्ये घेतल्यास आर्द्रता आपोआप लाभते.

पदवीच्या विद्यार्थ्यांना यातून बिनखर्चाचा प्रकल्प देता येईल. कोलियसची एकाच झाडाची ६० कलमे घ्यावीत : २० वाळूत, २० पाण्यात दहा दिवस, २० पाण्यात पाच आठवडे. प्रत्येक गटातील दोन कलमांच्या मुळांचे हाताने छेद घेऊन सॅफ्रानिनने रंगवावेत, मूलरोम मोजावेत आणि उरलेली कलमे एकाच मिश्रणात लावून तीस दिवसांनी जिवंत रोपांची नोंद करावी. मेलेल्या रोपांची मुळेही धुऊन पाहावीत. पिचपिचीत तपकिरी मूळ आणि कोरडे सुरकुतलेले मूळ यांतील फरक रोप कशाने मेले ते सांगतो.