चिकित्सालयीन मानसशास्त्रातील विद्यावाचस्पती-प्रबंध

मानसिक विकारांचे स्वरूप, निदान, मापन, प्रतिबंध वा उपचार यांविषयीच्या एखाद्या प्रश्नावर उमेदवाराने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेल्या स्वतंत्र संशोधनाचे लेखी निवेदन. परीक्षकांनी तो मान्य केल्यावर विद्यापीठ विद्यावाचस्पती (पीएच.डी.) ही पदवी प्रदान करते. प्रयोगशाळेतील मानसशास्त्रीय संशोधनाहून हा प्रबंध एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा ठरतो. त्यातील माहिती बहुधा अशा व्यक्तींकडून मिळवावयाची असते, की ज्या मदतीच्या अपेक्षेने चिकित्सालयात आलेल्या असतात. त्यामुळे ज्ञानाची गरज व रुग्णाचे हित यांची सांगड प्रत्येक टप्प्यावर घालावी लागते आणि त्यांत विरोध निर्माण झाल्यास रुग्णहितास अग्रक्रम द्यावा लागतो.

पार्श्वभूमी : लाइटनर विट्‌मर (१८६७–१९५६) यांनी १८९६ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय स्थापन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांची निकड भासू लागली. १९४९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा उपचारक तसेच संशोधकही असावा, हे तत्त्व पुरस्कारिले. हान्स आयझेंक (१९१६–९७) यांनी १९५२ मध्ये असे प्रतिपादन केले, की मज्जाविकृतीचे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण मानसोपचाराविनाही दोन वर्षांच्या आत सुधारतात. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे बरीच टीका झाली. तथापि केवळ उपचारानंतर रुग्ण सुधारला, एवढ्यावरून उपचार गुणकारी ठरत नाही, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली. संशोधनापेक्षा व्यवसायावर भर देणारी वेगळी पदवी (साय.डी.) इलिनॉय विद्यापीठात १९६८ मध्ये सुरू झाली व १९७३ च्या व्हेल परिषदेने त्या दिशेस मान्यता दिली.

भारतात बंगलोर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९५५ पासून तेथे वैद्यकीय मानसशास्त्राच्या पदविकेचे शिक्षण दिले जाऊ लागले. १९७४ मध्ये तिचेच ‘निम्हान्स’ या संस्थेत रूपांतर झाले. १९९२ च्या अधिनियमानुसार या व्यवसायाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. त्यासाठी परिषदेने मान्य केलेले व्यावसायिक प्रशिक्षण आवश्यक असते; केवळ संशोधन-प्रबंधाने नोंदणीचा अधिकार मिळत नाही.

विषयनिश्चिती व नमुना : अनेक प्रबंध रखडतात, याचे एक कारण प्रश्नाची अवास्तव व्याप्ती हे होय. ‘मानसोपचाराने विषण्णता कमी होते काय?’ हा प्रश्न एका प्रबंधात सुटणारा नव्हे. कोणते रुग्ण, कोणता उपचार, किती आठवडे, कशाशी तुलना व कोणत्या मापनाने, हे ठरल्यावरच तो संशोधनयोग्य होतो. त्यानंतर नमुन्याची संख्या काढावी लागते. उदा., दोन गटांतील मध्यम प्रतीचा फरक ५ टक्के सार्थकता-पातळीवर ८० टक्के संभाव्यतेने दिसून येण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ६४, म्हणजे एकूण १२८ रुग्ण लागतात. पाचांपैकी एक रुग्ण मध्येच येणे थांबवील असे धरल्यास आरंभीच १६० रुग्ण घ्यावे लागतात. एकट्या उमेदवारास ही संख्या अनेकदा झेपत नाही. अशा वेळी एकव्यक्ती-अभ्यास किंवा सखोल मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यास हे योग्य पर्याय ठरू शकतात. तथापि असा पर्याय प्रश्नास अनुरूप असावा लागतो. केवळ श्रम वाचतात म्हणून तो स्वीकारणे इष्ट नव्हे.

मापन : ॲरन बेक (१९२१–२०२१) यांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली २१ घटकांची विषण्णता-सूची यांसारखी साधने अन्य भाषेत वापरताना शब्दशः भाषांतर पुरत नाही. मराठी भाषक रुग्ण आपला त्रास ‘जीव घाबरतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘छातीत धडधडते’ अशा शब्दांत सांगतो. म्हणून भाषांतर, दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत पुनर्भाषांतर, लहान गटावर पडताळणी आणि विश्वसनीयता व सप्रमाणता यांची तपासणी, हे टप्पे आवश्यक ठरतात.

नैतिक बंधने : नीतिसमितीची संमती मिळाल्यावाचून माहितीचे संकलन सुरू करता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २०१८ पासून) याच्या कलम ९९ नुसार मनोरुग्णाची मुक्त व पूर्ण माहितीवर आधारित संमती आवश्यक आहे. तुलनेसाठी काही रुग्णांचा उपचार लांबविणे कितपत योग्य, हा एक कठीण प्रश्न होय. म्हणून अशा गटास प्रचलित उपचार चालू ठेवणे किंवा अभ्यास संपताच नवा उपचार देणे, असे मार्ग अवलंबिले जातात. प्रश्नावलीतील उत्तरांवरून आत्महत्येचा विचार सूचित झाल्यास ते उत्तर केवळ गुणांकन करून ठेवता येत नाही. तत्काळ मदतीची व्यवस्था आधीच आखलेली असावी लागते आणि गोपनीयतेची ही मर्यादा रुग्णास संमतीपूर्वीच सांगावी लागते.

लेखन व परीक्षण : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार या पदवीचा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले उमेदवार यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात व त्यानंतर तोंडी परीक्षा होते. संमत प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या आंतरजालीय संग्रहात ठेवली जाते.

अपेक्षित फरक न आढळणे म्हणजे प्रबंधाचे अपयश, असा समज उमेदवारांत आढळतो. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की असे निष्कर्ष अप्रकाशित राहिल्यास उपलब्ध वाङ्‌मय एकांगी बनते. त्यामुळे निरुपयोगी उपचारही गुणकारी वाटू लागतात व त्याचे परिणाम पुढील रुग्णांना भोगावे लागतात. उलट, निष्कर्ष लाभेपर्यंत गृहीतक बदलत राहणे हा गंभीर दोष होय. मर्यादित प्रश्न, पुरेसा नमुना, विश्वसनीय मापन आणि जे आढळले त्याचे प्रामाणिक निवेदन, एवढे साधल्यास प्रतिकूल निष्कर्षाचा प्रबंधही पूर्ण व उपयुक्त ठरतो. ज्या रुग्णांनी त्यासाठी आपला वेळ व आपले खाजगी दुःख उघड केले, त्यांचे ऋण अशा निवेदनानेच काही अंशी फिटते.