तलफेला जागा आठवते

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरकडचा माणूस पुण्या-मुंबईला राहत असेल आणि शेजारी कुणी संत्रं सोललं, तर त्या वासासरशी गावाकडची बाग डोळ्यांपुढे उभी राहते. त्याने आठवायचं ठरवलेलं नसतं. वासच परस्पर ते काम करतो. मेंदूची ही साधी खोड हेरॉइनच्या व्यसनात माणसाच्या जिवावर कशी उठते, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

या भागात संत्री आणि कापूस पिकतो. पण याच मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने अफूची शेती होते. अफूच्या चिकात मॉर्फिन असतं. १८७४ साली लंडनमध्ये आल्डर राइट या रसायनतज्ज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून नवा पदार्थ बनवला आणि १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने तो 'हेरॉइन' या नावाने बाजारात आणला, तोही खोकल्यावरचं औषध म्हणून! हे नवं रूप चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे मेंदूभोवतीचा पहारा ते मॉर्फिनपेक्षा झपाट्याने ओलांडतं. आत गेल्यावर त्याचं पुन्हा मॉर्फिन होतं.

मेंदूच्या पेशींवर अफूचे रेणू नेमके बसतील अशा जागा आहेत, हे १९७३ मध्ये सिद्ध झालं. बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या डोक्यात जागा राखीव कशाला? उत्तर दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला मिळालं. ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या संशोधकांना मेंदू स्वतःच तयार करतो ती वेदनाशामकं सापडली. त्या जागा त्यांच्यासाठी होत्या. अफू तिथे घुसखोरी करते.

डोपामिन सोडणाऱ्या पेशींना एरवी शेजारच्या पेशी आवरून धरतात. हेरॉइन या आवरणाऱ्या पेशींनाच गप्प करतं आणि डोपामिन उसळतं. डोपामिन म्हणजे नुसतं सुख नव्हे. 'हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव' असा शेराही ते मारतं. मग केवळ पुडीच नाही, तर पन्नी, लायटर, ती गल्ली, तो दोस्त, ती संध्याकाळची वेळ, सगळ्यांवर हा शेरा बसतो.

शरीरही हे शिकतं. संशोधक शेपर्ड सीगल यांच्या १९८२ च्या प्रयोगात उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइनची सवय लावली गेली. पुढे सर्वांना मोठा डोस दिला. सवय नसलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के मेले. सवयीच्या खोलीत डोस मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के दगावले. पण तीच सवय असलेल्यांना अनोळखी खोलीत डोस दिला, तेव्हा सुमारे ६४ टक्के! खोली ओळखीची दिसताच शरीर आधीच प्रतिकाराच्या तयारीला लागत होतं. परक्या जागी ते बेसावध सापडलं.

माणसांतली गोष्ट याहून चकित करणारी आहे. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग घेतला, तेव्हा व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के पुन्हा अडकले. याची कारणं अनेक. पण एक मोठं कारण असं मानतात, की व्यसनाची सारी दृश्यं समुद्रापार राहिली होती.

एकीकडे तलफेची ही आठवण इतकी चिवट, तर दुसरीकडे रोजची स्मरणशक्ती उसवत जाते. आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग प्राणवायूच्या तुटवड्याला फार हळवा असतो आणि हेरॉइनचा अतिडोस श्वासच मंद करतो. २०१२ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अचानक विस्मरण झालेले १४ रुग्ण नोंदले गेले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेली होती आणि बहुतेकांचा संबंध अफूजन्य किंवा तत्सम पदार्थांशी होता. आत्ता घडलेलं टिकेना, अशी त्यांची गत.

महाराष्ट्रात १९८० च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनचंच अशुद्ध रूप असलेली गर्द, पसरली. त्याच सुमारास अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. गर्द तोडली की 'टर्की' लागते: जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, पोटात मुरडा. ती काही दिवसांत ओसरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण घरी परतल्यावर तीच गल्ली आणि तेच दोस्त भेटतात.

जुनी आठवण पुसता येईल का? २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी हेरॉइन सोडलेल्यांना व्यसनाची दृश्यं थोडा वेळ दाखवली, दहा मिनिटं थांबले आणि मग तीच दृश्यं वारंवार दाखवली. सहा महिन्यांनीही त्यांची तलफ कमी होती. आठवण जागी झाली की थोडा वेळ मऊ होते, बदलता येते, असा याचा अर्थ लावला जातो.

व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या माणसासाठी पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तलफेची आठवण मात्र शाबूत असते. जुन्या सवयीने घेतलेला डोस आता जीव घेऊ शकतो. 'एवढे दिवस राहिला, मग पुन्हा घसरलाच कसा?' असं घरच्यांनी विचारण्यापेक्षा त्याची संध्याकाळ कुठे, कुणासोबत जाणार आहे, हे आधीच ठरवावं. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनाशुल्क आहे.