‘लाखनी’ हे नाव कंपायलरला कधी वाचता आले?
(लेखमाला : संगणकाच्या पोटात – भाग ७)

मागच्या भागात कंपायलर काय करतो ते पाहिले : माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. प्रोग्राम चुकला की कंपायलर सांगतो. कंपायलरच चुकला तर? तोही प्रोग्रामच आहे, लाखो ओळींचा. त्यातही बग असतात आणि ते माणसेच काढतात. कसे काढतात, हे आपल्या लिपीशी थेट संबंध असलेल्या एका बगवरून पाहू.

समजा, लाखनीतल्या कॉलेजची एक विद्यार्थिनी सी भाषेत धानखरेदीचा हिशेब मांडते आहे. चलांना तिने आपल्या तालुक्यांची नावे दिली : लाखनी, साकोली, पवनी, तुमसर. जगभर वापरल्या जाणाऱ्या जीसीसी या मुक्त कंपायलरची २०१९ सालची आवृत्ती तिच्याकडे असती, तर नुसत्या ‘लाखनी’ या नावावर पंधरा तक्रारी आल्या असत्या. प्रत्येक तक्रारीचा अर्थ एकच : प्रोग्राममध्ये भलतेच काहीतरी आले आहे.

पंधराच का? वाचताना आपल्याला या नावात तीन अक्षरे दिसतात. युनिकोड त्यात पाच चिन्हे मोजतो : ल, काना, ख, न आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून एकूण पंधरा. जुना जीसीसी नाव वाचताना बाइटमागून बाइट पाहायचा, आणि इंग्रजी अक्षर, आकडा किंवा अधोरेषा यांत न बसणारा प्रत्येक बाइट त्याला परका वाटायचा.

एक पळवाट होती. अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहायचा; ‘ल’साठी ०९३२, आणि असे पाच क्रमांक एकापुढे एक. २०१५च्या जीसीसी ५पासून हे कुठलाही वेगळा पर्याय न देता चालत होते. पण असे नाव कोण वाचणार? थेट लिपीत नाव लिहिता यावे, ही मागणी त्याच वर्षी बगच्या नोंदवहीत ६७२२४ या क्रमांकाने चढली. २०१९मध्ये ल्युइस हायट यांनी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, दिला आणि मे २०२०मध्ये आलेल्या जीसीसी १०मध्ये ‘लाखनी’ हे चलाचे नाव म्हणून सरळ चालू लागले.

दुसरा बग याहून जुना. अवतरणचिन्हांतला मराठी मजकूर जुन्या जीसीसीलाही चालत असे. पण त्याच ओळीत पुढे चूक झाली, की चुकीची जागा दाखवणारा बाण भलतीकडे पडायचा. कंपायलर बाइट मोजून जागा ठरवायचा. ‘लाखनी’ पडद्यावर पाच घरे घेते, त्याने धरली पंधरा. बाण दहा घरे उजवीकडे. चूक एका शब्दाखाली, बाण दुसऱ्याच शब्दाखाली. नवशिक्या मुलाचा तास यात सहज जातो. ही तक्रार २०११मध्ये ४९९७३ या क्रमांकाने नोंदली गेली. बाण जीसीसी १०मध्ये जागेवर आला, सोबत छापला जाणारा स्तंभ-क्रमांक २०२१च्या जीसीसी ११मध्ये. दहा वर्षे लागली. ज्यांची भाषा इंग्रजी, त्यांना हा बग कधी टोचलाच नाही, आणि ज्यांना टोचत होता त्यांच्यातले फार थोडे कंपायलरच्या कोडपर्यंत पोचले होते. उशिराचे मोठे कारण मला तरी हेच वाटते.

आता दुरुस्तीची रीत. पहिले काम कोड बदलण्याचे नसतेच. चूक दाखवणारा प्रोग्राम दोन हजार ओळींचा असेल, तर सुपात धान पाखडावे तसा तो पाखडायचा. एकेक ओळ काढायची, बग अजून दिसतो का पाहायचे आणि पाच-सात ओळींवर आणायचा. हे काम आपोआप करणारी साधनेही आहेत. हा छोटा नमुना हाती आला की निम्मे काम झाले, कारण आता दोष कंपायलरच्या कुठल्या टप्प्यात आहे ते शोधता येते. दुरुस्तीनंतर तोच नमुना चाचण्यांच्या साठ्यात कायमचा जातो, म्हणजे पुढे कोणी तीच चूक परत आणली तर लगेच कळते.

त्यानंतरची परीक्षा मला सर्वांत सुंदर वाटते. दुरुस्त कंपायलरने स्वतःलाच पुन्हा घडवायचे. जुन्या कंपायलरने नवा बनतो, तो पहिला. पहिला दुसऱ्याला बनवतो, दुसरा तिसऱ्याला. दुसरा आणि तिसरा बाइट-बाइट जुळले पाहिजेत. न जुळल्यास दुरुस्तीतच कुठेतरी खोट आहे. साध्या लॅपटॉपवर याला काही तास लागतात. मग हजारो जुन्या चाचण्या चालवायच्या, आणि आधी पास होणारी एकही आता नापास झाली तर पॅच परत.

एवढे करूनही बग उरतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाचे साधन बनवले. यादृच्छिक पण नियमात बसणारे सी प्रोग्राम तयार करून ते कंपायलरांना घालायचे, एवढेच त्याचे काम. तीन वर्षांत त्यांनी वेगवेगळ्या कंपायलरांत ३२५हून अधिक नवे बग नोंदवले. याविषयीचा त्यांचा निबंध २०११चा.

महाराष्ट्रात ही विद्या नाही असे नाही. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा झाल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे डेटा फ्लो ॲनालिसिसवरचे पुस्तक २००९चे. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने सीआर१६ या प्रोसेसरचा आधार जीसीसीला दिला. त्या आधाराच्या फायलींवर २०१२ साल आहे. २०२३च्या जीसीसी १३मधून तो आधार काढून टाकला गेला. कोड लिहिणे एक, तो वर्षानुवर्षे सांभाळणे दुसरे. दुसरे जास्त कठीण.

मराठीपुरते एक काम अजून आपल्याच हाताचे आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : कुणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतो, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कंपायलरला ती दोन वेगळी नावे. सी++२३च्या नियमांत तर त्या अदृश्य जोडकाला चलाच्या नावात जागाच नाही. हे मराठी लिहिणाऱ्यालाच आधी लक्षात येईल.

तेव्हा लाखनी, साकोली, भंडाऱ्यातल्या विद्यार्थ्यांना विनंती : जोडाक्षरे आणि मात्रा असलेली नावे देऊन छोटे प्रोग्राम लिहा, मुद्दाम चूक करा, बाण कुठे पडतो आणि संदेश काय येतो ते पाहा. काही चुकीचे दिसले तर पाच ओळींचा नमुना आणि आवृत्तीचा क्रमांक यांसह जीसीसीच्या बग-नोंदीत टाका. २०२१पासून कोड देण्यासाठीही हक्क-हस्तांतराचे कागद सक्तीचे राहिलेले नाहीत. पॅचखाली आपल्या नावाची एक प्रमाणित ओळ पुरते.